मणक्याची गादी सरकली, ईएसआयचे (कामगार विम्याचे) पैसे मिळतेत का?

वाळूजवाला: वाळूज एमआयडीसीत प्रेस शॉपला हाय, ठेकेदाराकडं. पगार साडेसोळा हजार. पत्र्याचे शीट उचलून उचलून कंबर गेली. डाव्या पायाला एवढ्या मुंग्या येतेत की चप्पल निसटली तरी कळत नाही. डॉक्टर म्हणले दीड महिना वाकायचं नाही. ठेकेदार म्हणायलाय, "गेटवर दुसरा उभाच हाय." ईएसआय दर महिन्याला कापतेत. काही मिळंल का?

गेटपास: मिळतं ना. आजारपणाचा भत्ता म्हणून सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. अट एकच, योगदानाच्या म्हणजे पैसे कापण्याच्या सहामाहीत ७८ दिवसांचे पैसे भरलेले पाहिजेत. सुरुवातीचे दोन दिवस सहसा धरत नाहीत. रजेचा दाखला ईएसआय दवाखान्यातूनच घ्या, खासगीच्या चिठ्ठीवर लई चकरा होतात. अन् ठेकेदाराशी तोंडी बोलू नका, दाखल्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.

धारूरची: भाऊ, तुमचं निदान कापतेत तरी. आमच्याकडं ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता. एकजण तापानं फणफणला की दोघांची तोड बुडते, वर मुकादम खाडा म्हणून पैसे कापतो. आधी घेतलेली उचल फिटतच नाही. बाया पोट दुखलं तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढतेत.

वाळूजवाला: ताई, खरंय. गेटपास, ठेकेदारानं कापले पण भरलेच नसतील तर?

गेटपास: आधी विमा नंबर टाकून ईएसआयच्या पोर्टलवर भरणा बघा. नसंल तर पगाराच्या स्लिपा घेऊन त्यांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. ठेकेदारानं नाही भरलं तर मूळ कंपनीच्या गळ्यात येतं, म्हणून एचआरलाही एक प्रत द्या.