वाटा घ्या, पण परवाना शुल्कातून

गोव्यात मैदान, कचऱ्याची शेड अशा गावच्या कामांना जमीन विकत घेण्यासाठी पंचायतीने उत्पन्नाचा ठरावीक वाटा राखून ठेवणं कायद्याने सक्तीचं करावं, अशी एक सूचना आहे. मला पटतं, पण सरसकट टक्केवारी नको. आमच्यासारख्या आतल्या गावात घरपट्टी सोडली तर हाती लागतं ते किती? किनाऱ्याकडच्या गावांत बांधकाम परवान्यांचे पैसे येतात. मग १९९४ च्या पंचायत राज कायद्यात दुरुस्ती करून वाटा त्या शुल्कातूनच काढा ना. जो डोंगर कापतो, त्यानेच मैदानाला हातभार लावावा.

आमच्याकडे सुक्या कचऱ्याच्या शेडला जागाच नाही. गोण्या पंचायतघराच्या मागे, ताडपत्रीखाली. जून लागला की ताडपत्री उडते आणि प्लास्टिक थेट शेतात. भाटकार, म्हणजे जमीनमालक, बोलतो तो घरबांधणीच्या प्लॉटचा दर. सक्तीने संपादन करायचं तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे जादा भरपाई, वर गावात भाव वाढवणारा गुणकही. समोर कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामायिक संस्थेची, जमीन पडीक आहे, तिची विचारपूस आधी व्हावी, हे वेगळंच!

आणि हो, खातं स्वतंत्र हवं. नाहीतर सरपंच बदलला की तोच पैसा गटारावर खर्च. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय त्यातला रुपया हलता कामा नये.