मेलिन म्हणजे पिवळा: वेल्सचा अड्वाइथ बँड आणि आमचं हळदीच्या गोदामातलं रेकॉर्डिंग

तरफेची तार, मिरज

नमस्कार. प्रश्न रेकॉर्डिंगचा आहे, पण आधी थोडी हकिकत सांगते, नाहीतर मला काय हवंय ते कळायचं नाही.

आमचं मिरजेत तंतुवाद्यांचं दुकान आहे. दिवसभर मी बाबांच्या शेजारी बसून सतारी-तानपुऱ्यांच्या जवाऱ्या काढते (म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवते) आणि रात्री गिटार घेऊन सांगलीला जाते. आमचा तिघांचा बँड आहे. गाणं आणि गिटार माझं, बासवर माझी आतेबहीण, ड्रमवर कुपवाडचा एक मुलगा. तो गणपतीत बेंजो पार्टीत वाजवतो, त्यामुळे हात तयार आहे. गाणी सगळी मराठी, आमचीच.

दीड वर्षापूर्वी एका गिऱ्हाइकानं 'अद्वैत' नावाचं काहीतरी ऐका म्हणून सांगितलं होतं. शोधताना माझं इंग्रजी स्पेलिंग चुकलं आणि भलतंच गाणं लागलं. वेल्समधल्या कार्मार्थन गावच्या तीन मुलींचा अड्वाइथ नावाचा बँड. गाण्याचं नाव 'फेल इ फोड'. एक शब्द कळत नव्हता. हातात पटाशी होती, ती तशीच धरून मी गाणं संपेपर्यंत बसून राहिले. मोकळी, थोडी ओलसर गिटार, बास पुढं होऊन चाल ओढणारा, आणि मुलगी कुणाला काही पटवून द्यायची घाई नसल्यासारखी गाते. नंतर कळलं की ही वेल्श भाषा, आणि नावाचा अद्वैताशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ 'प्रतिक्रिया'.

मग मी सगळंच ऐकलं. 2018 चा 'मेलिन' हा पहिला अल्बम. मेलिन म्हणजे पिवळा. तो काढला लिबर्टिनो या कार्मार्थनच्याच छोट्या कंपनीनं, आणि 2019 चं वेल्श म्युझिक प्राइझ त्याला मिळालं. मग 2022 चा 'बाटो माटो'. ट्रान्स-सायबेरियन रेल्वेनं त्या पार सायबेरियातल्या उलान-उदेपर्यंत वाजवायला गेल्या होत्या, त्या प्रवासातून आलेली ती गाणी. त्यालाही तेच प्राइझ. दोनदा मिळवणारा तो पहिलाच बँड. 2025 चा 'सोलास' तर तेवीस गाण्यांचा आहे, मी तो दोन बैठकांत ऐकते. 'बाटो माटो'चे ड्रम मला जास्त आवडतात, पण जीव 'मेलिन'वर आहे. त्यात तीन माणसं एका खोलीत आहेत असं वाटत राहतं.

आता अडचण. आम्ही सराव मामाच्या हळदीच्या गोदामात करतो, मार्केट यार्डाच्या मागं. तिन्ही बाजूंना पोती, वर पत्रा. तासाभरात गिटारच्या तारांवर पिवळी भुकटी बसते, पडद्यांच्या खाचांत जाते, घरी जाऊन कापडानं पुसावी लागते. तिथं आम्ही चांगले वाजतो. फोनवर नुसतं टिपलेलं ऐकतानाही अंगावर काटा येतो.

पण 'नीट' करायचं म्हणून गेल्या दिवाळीनंतर आम्ही एका मोठ्या शहरातल्या स्टुडिओत गेलो. तीन गाणी, सत्तावीस हजार रुपये. तिथल्या माणसानं ड्रमचे ठोके काढून तयार ठोके बसवले. माझा आवाज यंत्रातून सरळ केला. एका गाण्यात माझा कोमल गंधार अंमळ चढा लागतो. तो मी तसाच लावते, शब्दच तसा आहे. त्यांनी तो उचलून रेषेवर ठेवला. मी रोज तारा लावते हो, अर्ध्या केसाचा फरक मला ऐकू येतो. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवताना एक जागा अशी येते की तार बोलायला लागते. जरा पुढं गेलं की मुकी. आमची गाणी तिथं मुकी झाली. वर सल्ला मिळाला की हिंदीत गा, मराठी रॉकमध्ये बसत नाही.

तर विचारायचंय असं: गोदामातच रेकॉर्डिंग करता येईल का, आणि कसं? आमच्याकडे चार चॅनेलचा इंटरफेस (एका वेळी चार माइक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) आहे आणि मिळून पंधरा हजार रुपये. आणि वेल्समधलं कुणी इथं असेल तर सांगा, ही मंडळी कशी टिकतात?

वाईची लेक, सध्या कार्डिफ

अगं, वाचून डोळ्यांत पाणीच आलं. मी मूळची वाईची, सहा वर्षं झाली इथं नर्स म्हणून काम करते.

आधी उच्चार, कारण तू इतक्या प्रेमानं ऐकतेस. वेल्शमध्ये एकटा एफ म्हणजे 'व'. त्यामुळे 'वेल इ वोड' म्हण. बास वाजवते तिचं नाव ग्वेन्ल्हिअन. त्यातला 'ल्ह' आपल्या कोल्ह्यातल्या 'ल्ह'च्या जवळचा आहे: जीभ 'ल'ला टेकव आणि आवाज न काढता कडांनी नुसती हवा सोड. माझ्या वॉर्डातल्या एका आज्जींनी मला हे शिकवलं. इथल्या इंग्रज डॉक्टरांना जमत नाही, मला दुसऱ्या दिवशी जमलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. गाणारी होली सिंगर, ड्रमवर हेलेद ओवेन. बँड 2015 मध्ये सुरू झाला.

कशी टिकतात विचारलंस. इथं कार्डिफमध्ये वूमनबी स्ट्रीटवर क्लब इवोर बाख आहे, 1983 मध्ये वेल्श बोलणाऱ्यांसाठी काढलेला. छोटी जागा, भिंतींना घाम येतो. तिथं वेल्श गाण्यांना मी दोनतीनदा गेले. निम्म्यांना भाषा येत नाही, पण धृपद सगळे म्हणतात. त्यामागे मोठी यंत्रणा आहे हे मात्र ध्यानात घे. 1977 पासून रेडिओ कमरी ही वेल्श रेडिओ वाहिनी, 1982 पासून वेल्श टीव्ही वाहिनी, दर फेब्रुवारीत वेल्श संगीताचा एक दिवस, आयस्टेदफॉड या वेल्श कला-साहित्य महोत्सवात तरुण बँडसाठी वेगळं मैदान. छोट्या गावातल्या मुलींचं गाणं महिनाभरात रेडिओवर लागू शकतं. आपल्याकडे तसं काही नाही, म्हणून तुमच्या वाट्याला कष्ट जास्त येणार.

अजून एक ऐक. सुपर फरी ॲनिमल्स या वेल्श बँडचा 'मूंग', साल 2000. पूर्ण वेल्श अल्बम, तोही साधेपणानं केलेला, आणि ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत अकराव्या नंबरवर गेला होता.

पंचगंगा किनारा

मन मोडायचं नाहीये, पण मीही बँडमध्ये दहा वर्षं घालवलीत. कोल्हापुरात मराठी रॉक ऐकायला चाळीस माणसं यायची, त्यातली पंचवीस ओळखीची. हिंदीत दोन गाणी करा, नाव होऊ दे, मग मराठीकडं या. ऐकणारेच नसतील तर कुणासाठी गाणार?

तरफेची तार, मिरज

दादा, तुम्ही दहा वर्षं काढलीत, त्यामुळे तुमचं म्हणणं उडवून लावत नाही. पण मी आकडे बघितले. 2021 च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे 5 लाख 38 हजार. आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची 2011 ची लोकसंख्या पाच लाखांच्या वर. म्हणजे हरिपूरपासून मिरजेच्या दर्ग्यापर्यंत जेवढी माणसं राहतात, साधारण तेवढ्याच माणसांच्या भाषेत त्या तिघी गातात. मला हिंदीत राग धरता येत नाही, लाड करता येत नाही. मी भांडते मराठीत. गाणंही त्यातच येतं.

ताई, उच्चारासाठी खूप आभार. 'ल्ह' दिवसभर म्हणतेय, बाबा विचारतायत काय झालं.

शिवसागर, सातारा

मी रॉक संगीताचा जाणकार नाही. वय सत्तरच्या पुढे. मुलगा हे पान वाचत होता, त्यानं दाखवलं म्हणून लिहितो.

आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. गाव सोडलं तेव्हा मी लहान होतो. बैलगाडीत उखळ उलटं ठेवलं होतं आणि त्यावर मला बसवलं होतं, एवढं पक्कं आठवतं. वेल्समध्येही असंच एक गाव बुडालं, कापेल केलिन. 1965 साली, लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून. शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर, दफनभूमी, सगळं गेलं. वेल्सच्या 36 खासदारांपैकी एकानंही त्या कायद्याच्या बाजूनं मत दिलं नव्हतं, तरी तो झाला.

चार वर्षांनी, 1969 मध्ये, वेल्समधल्या काही तरुणांनी साइन नावाची रेकॉर्ड कंपनी काढली, वेल्श गाण्यांसाठी. साइन म्हणजे ध्वनी. तिची पहिली तबकडी याच बुडालेल्या गावाबद्दल होती, ह्यू जोन्स यांनी गायलेली. गाण्याचं नाव 'डूर'. म्हणजे पाणी. मुलानं लावलं तेव्हा मला ते 'दूर' असंच ऐकू आलं. मी पुन्हा लावायला सांगितलं.

पोरी, तुमच्या त्या तीन मुलींच्या आधी पन्नास वर्षं कुणीतरी आपल्या भाषेत तबकडी काढायचा खर्च अंगावर घेतला होता, एवढंच सांगायचं होतं. पंधरा हजारांत कमी पडलं तर मुलाकरवी निरोप द्या. कोयनेवर कुणी असं गाणं केलेलं मला ऐकायचं आहे, पण ती अट नाही.

हरिपूर रोड साउंड

ताई, मी सांगलीतच आहे. भजन, कीर्तन, ऑर्केस्ट्रा, नाट्यसंगीत, बावीस वर्षं साउंड करतोय. गोदामात शंभर टक्के होतं. उलट भरलेली पोती म्हणजे देवानं दिलेली सोय हाय. बासचा घुमारा कोपऱ्यात साचतो, तिथं पोत्यांची थप्पी छातीपर्यंत लावा. ड्रम भिंतीला चिकटवू नका, भिंतीपासनं गोदामाच्या लांबीच्या एक तृतीयांश अंतरावर घ्या. चार माइक बास झाले: एक किकला (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), एक स्नेअरला (समोरचा खणखणीत ड्रम), दोन वरनं. वरचे दोन्ही स्नेअरपासनं सारख्याच अंतरावर, सुतळीनं मोजा, डोळ्यानं नको. गिटार-बासचे अँप पोत्यांच्या आड ठेवा, आधी तिघं एकत्र वाजवा. बास आणि गिटार मागनं परत भरता येती, पण ड्रम वाजताना तिघं एकमेकांच्या डोळ्यात बघत पाहिजेत.

पत्रा वाजणार. किकच्या प्रत्येक ठोक्याला कुठला खिळा थरथरतोय ते कुणाला तरी वर चढवून शोधा, रबराचा तुकडा घाला. वेळ रात्री अकरानंतरची. ट्रक थांबतात, आणि लाईटचा व्होल्टेजपण जरा स्थिर असतो.

आता वेल्सचीच एक गोष्ट. मॉनमथजवळ रॉकफील्ड नावाचा स्टुडिओ हाय. ते मुळात दुधाचं फार्म. चार्ल्स आणि किंग्सली वॉर्ड या दोघा भावांनी 1960 च्या दशकात तिथं रेकॉर्डिंग सुरू केलं, गाई-डुकरं शेजारीच. त्याच आवारात 1975 मध्ये क्वीन या नावाजलेल्या बँडनं काम केलं, 1995 मध्ये ओॲसिस बँडनं. तेव्हा गोदामाची लाज बाळगू नका.

त्या स्टुडिओत आवाजाला घुमारा द्यायला खरीखुरी खोली वापरायचे: स्पीकर आत, माइक आत, गाणं आत सोडायचं आणि परत येणारा आवाज टिपायचा. आपल्याकडं हरिपुरात काय हाय? पेवं! हळद साठवायची जमिनीतली पेवं, तोंड अरुंद, पोट मोठं. 2005 च्या पुरात बरीच गेली, पण आमच्या चुलत्यांच्या रानात एक कोरडं, रिकामं हाय. मी एकदा भजनाचा आवाज त्यात सोडून बघितलाय. मातीची भिंत म्हणून कर्कश येत नाही, गोल येतो, आणि लगेच विरतो. तुमच्या आवाजाला बसंल असं वाटतंय.

पण एक गोष्ट हात जोडून सांगतो. पेवात कुणी उतरायचं नाही. आतली हवा माणूस मारते, आमच्या आज्ज्याच्या काळात गेलेली माणसं गावाला ठाऊक हायत. स्पीकर आणि माइक दोन्ही दोरानं सोडायचे, दोरानंच वर घ्यायचे. मी स्वतः येतो. पैशाचं नंतर बघू. आणि तो चढा गंधार हाय तसाच राहील, माझ्याकडनं शब्द.

तरफेची तार, मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा रात्री दोन गाणी झाली. पत्र्याचे सात खिळे सापडले, सातही ड्रमरच्या डोक्यावरचेच. किकच्या आत आम्ही मामाची जुनी गोधडी कोंबली.

काल हरिपूरला गेलो. साउंडवाल्या दादांनी स्पीकर दोरानं पेवात खाली सोडला, मग माइक, आणि वर मोबाइलच्या उजेडात हेडफोन माझ्या कानाला लावला. माझाच आवाज जमिनीखालून येत होता, शेवटचा 'ग' अजून तसाच चढा. आतेबहिणीनं एक हेडफोन ओढून घेतला आणि आम्ही दोघी तशाच वाकून उभ्या होतो. चुलत्यांनी चहा आणला तो तिथंच गार झाला.

आजोबा, कोयनेचं गाणं माझ्याकडून आज तरी होणार नाही, ते मला खोटं पडेल, कारण मी तिथली नाही. पण ते उखळ मला सुटत नाहीये. तुमची परवानगी असेल तर साताऱ्याला येऊन तुमच्याकडून ऐकायचं आहे.

आणि 'हरिपूर रोड'वाले दादा, तिसऱ्या गाण्यात बासचा खालचा ई तिसऱ्या थप्पीपाशी अजून घुमतोय. पोती वाढवू का जागा बदलू? शुक्रवारी रात्री परत बसतोय.