ग्रायंडरवर एका माणसाला दिवसात किती तास ठेवायचं?

कुपवाडचा फेटलर:
कुपवाड एमआयडीसीत अकरा वर्षं फेटलिंग करतोय, म्हणजे ओतीव नगांवरचा (कास्टिंगवरचा) जादा धातू ग्रायंडरनं घासून काढायचं काम. गेल्या थंडीत पहाटे सायकलचं हँडल धरलं आणि उजव्या हाताची दोन बोटं खडूसारखी पांढरी पडली. वीसेक मिनिटांनी लाल होऊन ठणकायला लागली. आता शर्टाचं बटणही चाचपडत लावतो. हा ग्रायंडरच्या कंपनाचा त्रास. माझं मत: दिवसात दोन तासांच्या वर कुणाच्याही हातात ग्रायंडर देऊ नये. माणसं आलटून पालटून लावा.

मिरजेचा शेडवाला:
भाऊ, त्रास खरा आहे. पण माझ्याकडं माणसं सहा, आणि मजुरी नगावर. आलटून पालटून लावलं की पहिली तक्रार माणसंच करतात, नग कमी पडतात म्हणून. व्हायब्रेशन (कंपन) रोखायचे म्हणून मिळतात ते हातमोजे सगळ्यांना दिलेत. त्यापुढं लहान शेडला झेपत नाही.

सेफ्टीवाला, सातारा:
सरसकट दोन तास मलाही पटत नाही. युरोपच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या हिशेबानं कंपनाची कमाल मर्यादा प्रति सेकंद वर्ग ५ मीटर आहे, आणि २.५ झालं की उपाय सुरू करावे लागतात. १० कंपनाचं मशिन २ तासांत कमाल मर्यादा गाठतं, ५ चं ८ तासांत. कंपन दुप्पट झालं की वेळ चौथाई. म्हणून आधी मशिन मोजा. आणि शेडवाले दादा, हातमोज्यांच्या भरवशावर राहू नका. हात उबदार राहतात एवढाच त्यांचा खात्रीचा उपयोग. झिजलेलं, डुगडुगणारं व्हील मात्र लगेच काढा.

कराडची ताई:
आमचे हे रस्त्याच्या कामावर ब्रेकर चालवतात. रात्री हात बधिर होऊन जागे होतात. ठेकेदार दर कामाला नवा. सांगायचं कुणाला?

कुपवाडचा फेटलर:
सर, मोजणार कोण? आमच्या शेडमध्ये ते मीटर कुणी पाहिलेलंही नाही. १९१८ मध्ये अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी हवेच्या हातोड्यानं दगड घडवणाऱ्यांची हीच पांढरी बोटं नोंदवली होती. अजून किती मोजायचं? मोजेपर्यंत दोन तास तरी पाळा.

मिरजेचा शेडवाला:
व्हीलचं ऐकलं, उद्याच बघतो. पण बुडालेली मजुरी मी एकट्यानं का भरायची? कास्टिंग घेणाऱ्या कंपनीनं दर वाढवावा.

कुपवाडचा फेटलर:
दरासाठी तुम्ही भांडा, आम्हीही सोबत येतो. पण फेटलिंगची मजुरी आधी रोजावर आणा. झिणझिण्या यायच्या तेव्हा मी वर्षभर गप्प राहिलो, नग कमी होतील म्हणून. तुमच्या सहा जणांना विचाराल तेव्हा पगार कापणार नाही हे आधी सांगा, नाहीतर एकही जण हात दाखवणार नाही.