म्हशीला जास्त अक्कल दिली तर?

गंगावेशकर:
काल दूध कट्ट्यावर वाद पेटला, तो अजून डोक्यातनं जात नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ जो त्सिएन यांनी उंदरांच्या मेंदूत एनआर२बी या आठवणीशी निगडित जनुकाचं काम वाढवलं. ते उंदीर लवकर शिकू लागले, जास्त काळ लक्षात ठेवू लागले. उद्या हे गुरांत आलं तर? मी म्हणतो, करू नये. आमच्या एका म्हशीचं रेडकू आठव्या दिवशी गेलं. पान्हा सोडेना, म्हणून वडिलांनी रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं ठेवला. ती चाटत राहिली, धार निघाली. चाटता चाटता मधेच थांबायची आणि गोठ्याच्या दाराकडं बघायची. अक्कल जास्त असती तर तिनं ओळखलं असतं. मग काय तोंड दाखवणार होतो तिला?

पशुवैद्य, राजारामपुरी:
दादा, वाचून गलबललं. पण यात दोष अकलेचा की आपल्या वागण्याचा? तिला कळलं असतं, तर तुम्हीच ती फसवणूक सोडली असती. आणि आठवण मेंदूत कशी घडते, हे कळायला अशा उंदरांची मदत झाली. माझी आजी शेवटची चार वर्षं मला ओळखत नव्हती. संशोधन बंद करा म्हणण्याआधी असं एक घर बघा.

पंचगंगाकाठ:
ताई, आजीचं दुःख खरं. पण त्याच उंदरांचं पुढं काय निघालं? २००१ मध्ये दिसलं की इजेनंतरचं, रेंगाळणारं दुखणं त्यांना जास्त होतं. आठवणीचं जनुक वेदनेच्या वाटेवरही काम करतं. चीनमध्ये कुनमिंगला माकडांत माणसाचं एमसीपीएच१ हे मेंदूच्या वाढीशी निगडित जनुक घातलं, २०१९ ला निकाल आला. अकरांपैकी पाच जगली.

पशुवैद्य, राजारामपुरी:
माकडांवरच्या त्या प्रयोगाची बाजू मी घेणार नाही. पण हद्द पाळणारेही आहेत. २०२० मध्ये जर्मन आणि जपानी शास्त्रज्ञांनी फक्त माणसात असणारं एक जनुक मार्मोसेट माकडाच्या गर्भात घातलं. मेंदूचा बाहेरचा थर मोठा झाला. पिल्लू मात्र ठरवूनच जन्माला येऊ दिलं नाही, १०१ व्या दिवशी गर्भ काढून तपासला.

गंगावेशकर:
प्रयोगशाळेत हद्द पाळतील. गोठ्यात कोण पाळणार? दिवाळी पाडव्याला म्हशी पळवतो, तेव्हा माझ्या गाडीचा हॉर्न ओळखून म्हैस एवढ्या गर्दीतनं माझ्याच मागं पळत येते, इतका तिचा विश्वास. आणि ताई, कळलं असतं तर सोडलं असतं म्हणता, ते खरं नाही. दोन वर्षांनी पुन्हा रेडकू गेलं. घर दुधावर चाललेलं. तेव्हा पेंढा मीच भरला.