सॉलिड स्टेट टेस्ला कॉइल घरी करायची आहे, सल्ला हवा

लोहचुंबक:
नमस्कार मंडळी. हवेत ठिणग्या पाडणारा उच्च व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे टेस्ला कॉइल करतोय. एका ट्रान्झिस्टरचा साधा स्लेयर एक्सायटर करून झालाय, जवळ धरलेली सीएफएल छान पेटते. आता वीतभर तरी ठिणगी हवी. स्पार्क गॅप नको, म्हणून हाफ ब्रिजची (दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालू-बंद होतात ती) सॉलिड स्टेट कॉइल करायचं ठरवलंय. सोल्डरिंग येतं, ५५५ टायमर आयसीवर बरंच काही केलंय, दोन चॅनलचा साधा ऑसिलोस्कोप आहे. ब्रिजला मॉसफेट ट्रान्झिस्टर घ्यावेत की आयजीबीटी? वारंवारता ५५५ ने ठरवू की कॉइलकडूनच सिग्नल (फीडबॅक) घेऊ? आणि सेकंडरी (बारीक तारेची उंच कॉइल) केवढी गुंडाळू?

ठिणगी:
फीडबॅकच घ्या, यात दुसरा विचार करू नका. ठिणगी वाढली किंवा कोणी जवळ आलं की कॉइलची कपॅसिटन्स वाढते आणि रेझोनन्स (कॉइलची नैसर्गिक वारंवारता) खाली सरकतो. ५५५ मात्र आपल्या जागी ठाम राहतो. मग ठिणगी मरते आणि मॉसफेट तापत बसतात. कॉइलपासून थोड्या अंतरावर तारेचा अँटेना ठेवा, सिग्नल डायोडने ५ व्होल्टच्या आत बांधा, ७४एचसी१४ इन्व्हर्टर आयसीमधून चौकोनी करा आणि तिथून यूसीसी३७३२१ व यूसीसी३७३२२ या गेट ड्रायव्हर आयसींच्या जोडीला द्या. एक उलटा, एक सुलटा. जोडणी बरोबर असून कॉइल सुरूच होत नसेल तर प्रायमरीची (खालच्या मोजक्या वेढ्यांच्या कॉइलची) दोन टोकं अदलाबदल करून बघा.

सेकंडरीसाठी ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, ०.२५ मिमीची इनॅमलची तार, १००० वेढे. उंची साधारण २८ सेंमी भरते, इंडक्टन्स ३६ मिलिहेन्रीच्या आसपास. वर लहानसा धातूचा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा) ठेवला की रेझोनन्स २०० ते २५० किलोहर्ट्झमध्ये येतो. या वारंवारतेला आयआरएफपी४६० मॉसफेट आरामात चालतो. बऱ्याच आयजीबीटींचा करंट बंद होताना रेंगाळतो, त्यामुळे पहिल्या कॉइलला मॉसफेटच बरे.

कंडेन्सर:
वरचं सगळं पटलं. पण खरा जीव मॉसफेटच्या गेटला सिग्नल देणाऱ्या गेट ड्राइव्ह ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे आणि लोक नेमके तिथेच घाई करतात. मी सांगेन, निम्मा वेळ त्यालाच द्या.

त्यासाठी फेराइटची रिंग (टोरॉइड) घ्या. तीन तारा एकत्र पिळून १० ते १२ वेढे द्या: एक प्रायमरी, दोन सेकंडरी. दोन्हींपैकी एका सेकंडरीची टोकं उलटी जोडायची, म्हणजे वरचा मॉसफेट चालू असताना खालचा बंद राहतो. इथे चूक झाली की दोन्ही एकदम चालू होतात आणि ब्रिज क्षणात उडतो. म्हणून ब्रिजला व्होल्टेज न देता, गेट जोडलेले ठेवून, दोन्ही गेटवरचे वेव्हफॉर्म एकाच वेळी स्कोपवर बघा. एक वर जाताना दुसरा खाली यायला हवा, कडा उभ्या हव्यात. कडेवर लहर उठत असेल तर गेटला ५ ते १० ओहमचा रेझिस्टर द्या, तारा आखूड करा. हे चित्र स्वच्छ दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

त्यानंतर ३० व्होल्टच्या सप्लायवर चालवा. ठिणगी टिचभरही नसेल, पण जवळची ट्यूब पेटली की फीडबॅक लागला. मेन्सवर जाताना आधी सिरीज बोर्डात १०० वॅटचा पिवळा बल्ब. तो भक्क पेटला तर ब्रिजमध्ये शॉर्ट आहे.

लोहचुंबक:
फार मदत झाली. कॉम्प्युटरच्या जुन्या सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग चालेल का?

कंडेन्सर:
नाही, ती आयर्न पावडरची असते. पर्मिअबिलिटी (चुंबकीय वाहकता) कमी, त्यामुळे गेटला चौकोनी लहर मिळत नाही.

वेटोळे:
सुरक्षेचं बोलतो, कारण ते अजून कोणी काढलं नाही. २३० व्होल्ट रेक्टिफाय केले की ३२५ व्होल्ट डीसी होतात. स्कोपची ग्राउंड क्लिप अर्थला जोडलेली असते, ती मेन्सवरच्या ब्रिजला लावली की सरळ शॉर्ट. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर ब्रिजवर प्रोब लावूच नका. बसच्या (ब्रिजला डीसी देणाऱ्या लाइनच्या) कपॅसिटरवर तो रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर हवाच, आणि हात घालण्याआधी मीटरने मोजायचं.

ठिणगीला बोट लावायचा मोह होईल. इतक्या उच्च वारंवारतेला झटका जाणवत नाही, पण कातडी आतून भाजते आणि ते नंतर कळतं. प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यात इन्सुलेशन फुटलं तर मेन्सचा करंटही त्याच वाटेने येतो. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला त्या खोलीत येऊ देऊ नका. खिडकी उघडी ठेवा, ओझोन होतो.

सेकंडरीचं खालचं टोक घराच्या अर्थिंगला जोडू नका, नाहीतर आरएफ घरभर वायरिंगमधून फिरेल. खाली मोठा पत्रा ठेवा किंवा वेगळा रॉड ठोका.

ठिणगी:
लांबीसाठी एक भर घालतो. बसवर मोठा इलेक्ट्रोलिटिक न लावता हाफ वेव्ह रेक्टिफाय केलेली मेन्स द्या. व्होल्टेज हळूहळू चढतं तशी ठिणगी फाटे न फोडता सरळ, तलवारीसारखी वाढते, आणि अधल्यामधल्या अर्ध्या सायकलमध्ये मॉसफेटना विश्रांती मिळते. कॉइल थांबवत-चालू करणारा ५५५ चा इंटरप्टर मग मेन्सशी जुळवून घ्या.