खताच्या बेडमधली गांडुळं गळाला

एकाने विचारलंय, मासे पकडायला गांडूळखताच्या बेडमधली गांडुळं गळाला चालतात का? चालतात, पण त्यात दोन जाती सर्रास दिसतात. बारीक, तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचं असतं ते आयसेनिया फेटिडा. गळात ओवलं की पिवळा, उग्र वासाचा चीक सोडतं. लहानसहान मासे घेतात, पण मला ते फारसं आवडत नाही. लांब, जाड, जांभळट असतं ते आफ्रिकन युड्रिलस. गळावर छान वळवळतं. मात्र गारठा त्याला सोसत नाही, फ्रिजमध्ये ठेवाल तर मरेल.

माझी पसंती शेणखताच्या उकिरड्याशेजारच्या ओल्या मातीतल्या गांडुळांना. डब्यात तीच माती, वर ओलं गोणपाट, झाकणाला भोकं, आणि डबा सावलीत. पाणी साचू देऊ नका. मेलेलं गांडूळ लगेच काढा, नाहीतर बाकीचीही नासतात.

ओवताना पूर्ण गुंडाळी करू नका. दोन-तीन ठिकाणी टोचून शेपटाकडचा बोटभर भाग मोकळा सोडा, वळवळ दिसली पाहिजे. चिल्लर मासे तेवढंच तोडून नेत असतील तर अर्धंच गांडूळ लावा. शिंगटी, वाम हे मासे तळाशी चरतात, त्यांच्यासाठी शिशाचं वजन लावून गळ खाली बसवा. आणि हो, खाडीत गांडूळ नेऊ नका, खाऱ्या पाण्यात ते लगेच मरतं. तिथे कोळंबीच बरी.