११ वर्षं शॉप फ्लोअरवर, आता एमबीए: कितपत शक्यता आहे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. वय ३४, मेकॅनिकल, पुणे विद्यापीठ. चाकणला एका कंपनीत प्रेस शॉप सांभाळतो, हाताखाली साठेक माणसं. प्रेसमधला डाय (साचा) बदलायला ५० मिनिटं लागायची, ती आम्ही १८ वर आणली. पण हे निबंधात लिहायला बसलो की मेंटेनन्सचं रजिस्टर वाचल्यासारखं वाटतं!

अडचण मार्कांची. डिग्रीला ५८ टक्के, त्यातही एम-थ्रीने (गणिताचा तिसरा पेपर) एक वर्ष खाल्लं, म्हणजे ड्रॉप लागला. जीमॅटच्या (एमबीए प्रवेशाची परीक्षा) नव्या पॅटर्नच्या सराव परीक्षेत ८०५ पैकी ६४५ येतात. क्वांट (गणित) ठीक, व्हर्बलमध्ये (इंग्रजी) मार खातो.

डोळ्यासमोर आयआयएम अहमदाबादचं पीजीपीएक्स आणि आयआयएम बंगळूरचं ईपीजीपी आहे. दोन्ही अनुभवी लोकांसाठीचे एमबीए कोर्स, एक वर्षाचे, पूर्णवेळ. आयएसबीला (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) दोन वर्षांचा अनुभवही चालतो, त्यामुळे तिथे मी वर्गातला काका ठरेन अशी धास्ती आहे. कॅट देऊन नेहमीच्या एमबीएत दोन वर्षं घालवणं आता जमणार नाही. घराचा हप्ता चालू आहे आणि बायकोच्या एकटीच्या पगारावर वर्षभरच निभेल.

इथे कुणी तिशी ओलांडून गेलंय का? ड्रॉपबद्दल मुलाखतीत खोदून विचारतात का, की आधीच अर्जात स्पष्ट लिहून टाकावं? ६४५ वर अर्ज करू, की परीक्षा पुढे ढकलून आणखी तयारी करू? आणि प्लांटमधल्या माणसाला नंतर ऑपरेशन्सच मिळतं, की कन्सल्टिंगवालेही दारात उभं करतात?

कोचिंगवाल्यांनी कृपया मेसेज करू नये.